शेणकिड्यांच्या आतड्यातील जिवाणू

शेणकिड्यांच्या आतड्यातील जिवाणू म्हणजे गुरांच्या व इतर तृणभक्षक प्राण्यांच्या शेणावर जगणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अन्नमार्गात वस्ती करून राहणारा सूक्ष्मजीवांचा समूह होय. शेणातील चिवट तंतू पचविणे, नत्राची उणीव भरून काढणे आणि वाढत्या अळीला प्रतिकूल परिस्थितीत तग धरण्यास मदत करणे ही या जिवाणूंची मुख्य कार्ये मानली जातात. अनेक जातींत हे जिवाणू आईकडून अपत्याकडे जातात. मादी अंड्याखाली आपल्या विष्ठेची लहानशी बैठक ठेवते आणि अंड्यातून बाहेर आलेली अळी प्रथम तीच खाते. शेण जमिनीत मुरविण्याचे जे काम शेणकिडा करतो, त्याचा मोठा भाग अशा रीतीने या सहजीवनावर उभा आहे. त्यामुळे गुरांना दिल्या जाणाऱ्या औषधांचा परिणाम गोठ्यातून शेणात, शेणातून किड्यात आणि किड्यातून त्याच्या आतड्यातील जिवाणूंपर्यंत पोहोचू शकतो.

नाव व व्याप्ती

भुंगेरे कीटकांच्या कोलिऑप्टेरा या गणात मोडतात. पुढील पंखांची जोडी कठीण होऊन तिची ढाल बनलेली असते, म्हणून या गणाला मराठीत ढालपंखी असेही म्हणतात. शास्त्राला ज्ञात असलेल्या कीटकांच्या जातींपैकी फार मोठा हिस्सा या एका गणाचा आहे. शेणकिडा किंवा शेणभुंगा हे नाव मुख्यतः स्कॅरॅबिनी या उपकुळातील भुंगेऱ्यांना दिले जाते. या उपकुळात जगभरात सहा हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यांपैकी एकट्या ऑन्थोफेगस या वंशात दोन हजारांहून अधिक जातींची नोंद आहे.

राहणीनुसार शेणकिड्यांचे तीन गट पाडतात. काही जाती शेणाचा गोळा करून तो दूर लोटत नेतात. काही शेणाच्या पोवटीखालीच बीळ खणून शेण आत ओढतात. काही, विशेषतः अॅफोडियस गटातील लहान भुंगेरे, शेणातच राहतात. भारतात गोळे लोटणाऱ्यांमध्ये जिम्नोप्लूरस हा वंश, तर बिळे करणाऱ्यांमध्ये ऑन्थोफेगस, कॅथार्सियस व हेलिओकोप्रिस हे वंश आढळतात. ब्रिटिश अमदानीत प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्राणिसृष्टीविषयक ग्रंथमालेत गिल्बर्ट अॅरो यांनी १९३१ साली या भुंगेऱ्यांवर स्वतंत्र खंड लिहिला. भारतीय शेणकिड्यांच्या वर्गीकरणाचा तो आजही पायाभूत ग्रंथ समजला जातो.

येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. उकिरडा उपसताना दिसणारी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली मोठी पांढरी अळी बहुधा शेणकिड्याची नसते. ती गेंड्या भुंग्याची किंवा फुलभुंग्याची असते. गेंड्या भुंग्याचा प्रौढ नारळाचा कोंब पोखरतो, त्याची अळी मात्र कुजलेल्या खतावर वाढते. पिकांची मुळे खाणारी हुमणी ही आणखी वेगळी अळी होय. शेणकिड्याची अळी जमिनीखाली, आईने रचलेल्या शेणाच्या गोळ्यात एकटी राहते आणि पिकाला अपाय करीत नाही. ही सर्व मंडळी एकाच मोठ्या कुळातील असल्याने त्यांच्या आतड्याची घडण मात्र बरीचशी सारखी आहे.

आहारातील अडचण

गाय किंवा म्हैस चारा खाते तेव्हा तिच्या कोठ्यातील सूक्ष्मजीव त्यातील पचण्याजोगा बराच भाग पचवून टाकतात. शेणात उरतात ते प्रामुख्याने न पचलेले तंतू, म्हणजे सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. ताज्या शेणात सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक पाणी असते. उरलेल्या भागात पोषक द्रव्ये असतात, परंतु त्यांतील नत्राचा मोठा वाटा शेणातल्या सूक्ष्मजीवांच्या पेशींत साठलेला असतो. एका प्राण्याने चार कोठ्यांतून काढलेला हा चोथा दुसऱ्या प्राण्याचे अन्न बनतो, हेच शेणकिड्याच्या जीवनाचे वैशिष्ट्य होय.

ही अडचण प्रौढ किडा आणि अळी दोन वेगळ्या मार्गांनी सोडवितात. प्रौढाच्या जबड्याच्या कडा पातळ व मऊ असतात. त्याला तंतू चावता येत नाहीत. तो शेणातील ओलसर भाग गाळून, एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक कण तेवढे गिळतो. या कणांत जिवाणूंच्या पेशी विपुल असतात, त्यामुळे प्रौढाचा आहार बराचसा सकस असतो. अळीला हा पर्याय नसतो. तिला एका बंद गोळ्यात जेवढे शेण दिलेले असते तेवढ्यावरच संपूर्ण वाढ पूर्ण करावी लागते. तिचे जबडे कठीण व दातेरी असतात आणि ती तंतूंसह सर्व शेण चावून खाते. तंतू पचविण्याची खरी गरज म्हणून अळीलाच असते.

अशी अडचण केवळ शेणकिड्यांपुरती नाही. पावसाळ्यात कातळावर व जुन्या भिंतींवर मखमलीसारखी पसरणारी शेवाळी, जिला मॉस म्हणतात, ती खाणारे कीटक फार थोडे आहेत. बिऱ्हिडी कुळातील भुंगेरे त्यांपैकी प्रमुख होत. हे भुंगेरे लहान, गोल व फुगीर असतात. धोका जाणवताच ते पाय अंगाखाली घट्ट मिटून घेतात आणि एखाद्या बीसारखे निश्चल पडून राहतात. त्यांचा आढळ मुख्यतः थंड व समशीतोष्ण प्रदेशांत आहे. शेवाळीत नत्र कमी असते आणि तिच्या पेशींच्या भिंतींत पचनाला विरोध करणारी द्रव्ये असतात. कुजके लाकूड खाणाऱ्या पॅसॅलिडी कुळातील भुंगेऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. हे भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या लाकडाचा भुसा एकदा खाऊन टाकलेल्या विष्ठेसह पुन्हा पुन्हा खातात. शेवाळी, लाकूड आणि शेण हे तिन्ही आहार तंतूंनी भरलेले आणि नत्राने दरिद्री आहेत. असे अन्न खाणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात म्हणूनच सूक्ष्मजीवांना महत्त्वाचे स्थान मिळते.

आतड्याची रचना

भुंगेऱ्याच्या अन्नमार्गाचे अग्रांत्र, मध्यांत्र आणि पश्चांत्र असे तीन भाग असतात. अग्रांत्रातून अन्न पुढे ढकलले जाते. मध्यांत्रात पाचक विकर, म्हणजे एन्झाइमे, मिसळतात आणि पचलेल्या द्रव्यांचे शोषण होते. पश्चांत्रात पाणी व क्षार परत घेतले जातात. अग्रांत्र व पश्चांत्र यांना आतून कठीण आवरणाचे अस्तर असते. अळी कात टाकते तेव्हा हे अस्तरही गळून पडते आणि त्याला चिकटलेले जिवाणू त्यासोबत जातात. प्रत्येक कातीनंतर वस्ती पुन्हा उभी राहावी लागते.

या कुळातील अळ्यांच्या पश्चांत्राचा काही भाग पिशवीसारखा फुगलेला असतो. त्याला किण्वनकोठा म्हणता येईल. गाईच्या कोठ्याशी त्याची तुलना केली जाते. फरक एवढाच की गाईचा कोठा अन्नमार्गाच्या आरंभी असतो आणि अळीचा शेवटी. गाय आपल्या कोठ्यातील सूक्ष्मजीवांना पुढच्या टप्प्यात पचवू शकते. अळीच्या बाबतीत शोषणाचा मुख्य भाग कोठ्याच्या आधीच येऊन गेलेला असतो. या उणिवेवर अळी एक उपाय करते. ती आपली विष्ठा गोळ्याच्या आतील भिंतीला लिंपते आणि शेणाबरोबर ती पुन्हा खाते. त्यामुळे एकदा किण्वन झालेले अन्न व त्यातील जिवाणूंच्या पेशी मध्यांत्रातून दुसऱ्यांदा जातात. शेणकिड्याच्या अळीच्या पाठीवर दिसणाऱ्या कुबडात आतड्याची वळणे सामावलेली असतात.

आतड्याच्या निरनिराळ्या भागांतील रासायनिक परिस्थिती किती भिन्न असू शकते, हे पॅक्नोडा इफिपियाटा या आफ्रिकी फुलभुंग्याच्या अळीवरील अभ्यासातून स्पष्ट झाले. तिचे मध्यांत्र अतिशय अल्कधर्मी असून त्याचा पीएच १० च्याही वर जातो. पश्चांत्र जवळपास उदासीन असते आणि तेथे प्राणवायू जवळजवळ नसतो. अल्कधर्मी भागात तंतूंची घट्ट वीण सैल होते आणि प्राणवायूविरहित भागात जिवाणू त्यांचे किण्वन करतात. एकाच इवल्या आतड्यात असे दोन परस्परविरोधी प्रदेश शेजारी नांदतात.

जिवाणूंची कार्ये

शेणकिड्यांच्या आतड्यात प्रोटिओबॅक्टेरिया, फर्मिक्यूटीस, बॅक्टेरॉइडिटीस आणि अॅक्टिनोबॅक्टेरिया या मोठ्या संघांतील जिवाणू वारंवार आढळतात. जाती, वय, लिंग आणि शेण कोणत्या प्राण्याचे आहे यांनुसार त्यांचे प्रमाण बदलते. त्यांची कार्ये पुढीलप्रमाणे सांगता येतात.

तंतूंचे विघटन: जिवाणूंची विकरे सेल्युलोज व हेमिसेल्युलोजचे साध्या शर्करांत रूपांतर करतात. प्राणवायूच्या अभावी या शर्करांपासून अॅसिटिक आम्लासारखी लहान आम्ले तयार होतात. ती आतड्याच्या भिंतीतून शोषली जातात आणि अळीला ऊर्जा पुरवितात. कीटकाच्या आतड्यातील जिवाणू तंतू पचवितात ही कल्पना जुनी आहे. पोटोशिया क्युप्रिया या युरोपीय फुलभुंग्याच्या अळीतून सेल्युलोज आंबविणारा जिवाणू वेगळा केल्याचे वर्णन १९२६ साली प्रसिद्ध झाले होते.

नत्र व अॅमिनो आम्ले: प्राण्यांना काही अॅमिनो आम्ले स्वतः बनविता येत नाहीत. जिवाणूंना ती बनविता येतात. काही जिवाणू हवेतील नत्रही स्थिर करू शकतात. लाकूड खाणाऱ्या पॅसॅलिडी भुंगेऱ्यांच्या आतड्यात अशी क्रिया दिसून आली आहे.

वायूंची निर्मिती: आतड्यातील किण्वनात हायड्रोजन निर्माण होतो. काही उष्णकटिबंधीय भुंगेऱ्यांच्या अळ्यांत आर्किया या वेगळ्या गटातील सूक्ष्मजीव त्यापासून मिथेन बनवितात. वाळवी, झुरळे आणि सहस्रपाद यांच्याप्रमाणे या कुळातील भुंगेऱ्यांच्या आतड्यातूनही मिथेन बाहेर पडतो, हे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक पाहणीत दिसून आले. दुसरीकडे, शेणकिडे शेण पोखरून त्यात हवा खेळवितात. त्यामुळे पोवटीतून होणारे मिथेनचे उत्सर्जन कमी होते असे फिनलंडमधील प्रयोगांत आढळले. आतड्यात थोडा मिथेन बनला तरी शेतात त्याचे प्रमाण घटविण्याकडे किड्याचा कल असतो.

प्रौढ व अळी यांच्या आहारातील फरक त्यांच्या जिवाणूंतही उमटतो. युओनिटिसेलस या वंशातील दोन जातींच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढ नर, प्रौढ मादी आणि अळी यांच्या आतड्यांतील जिवाणूंची तुलना करण्यात आली. अळीतील समूह तंतू पचविण्यास अधिक अनुकूल असल्याचे दिसले. मादीच्या आतड्यातील समूहाचे अळीशी असलेले साम्य नराच्या तुलनेत अधिक होते. अळीला लागणारे जिवाणू मादी बाळगून असते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आईकडून अळीकडे

बीळ करणारी मादी जमिनीखाली शेण दाबून त्याचा गोळा बनविते. या लेखात त्याला अंडगोळा म्हटले आहे. गोळ्याच्या एका टोकाला ती लहान पोकळी ठेवते आणि त्यात एकच अंडे घालते. ऑन्थोफेगस वंशात अंडे थेट शेणावर टेकलेले नसते. मादी आधी आपल्या विष्ठेचा एक लहान खुंटासारखा थर रचते आणि त्यावर अंडे उभे करते. अंड्यातून निघालेली अळी पहिला घास या बैठकीचा घेते आणि त्यानंतर शेणाकडे वळते. बैठक संपेपर्यंत आईच्या आतड्यातील जिवाणू अळीच्या आतड्यात पोहोचलेले असतात.

फ्रेंच निसर्गनिरीक्षक झां आंरी फाब्र यांनी एकोणिसाव्या शतकात शेणकिड्यांच्या गोळ्यांचे बारकाईने वर्णन केले होते. अंड्याभोवतीच्या पोकळीला आतून वेगळ्याच मऊ पदार्थाचा लेप असतो आणि ती नवजात अळीसाठी आईने केलेली तरतूद असावी, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्या काळी जिवाणूशास्त्र बाल्यावस्थेत असल्याने त्यांनी या लेपाकडे सहज पचणारे पहिले अन्न म्हणून पाहिले. त्यात जिवंत जिवाणूंचा वारसा आहे हे पुढे सुमारे शंभर वर्षांनी उलगडले. ऑन्थोफेगस टॉरस या जातीत आईचे आतडे, अंड्याखालची बैठक आणि अळीचे आतडे या तिन्ही ठिकाणी समान जिवाणू असल्याचे २०१३ साली दाखविण्यात आले.

ही बैठक काढून टाकली तर काय होते, याचे प्रयोग अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात झाले. अंडी निर्जंतुक करून बैठकीविना वाढविली असता अळ्यांची वाढ मंदावली आणि त्या आकाराने लहान राहिल्या. तापमानातील चढउतार किंवा कोरडेपणा यांची भर पडली तेव्हा हा तोटा अधिक जाणवला. सर्व सोयी असलेल्या प्रयोगशाळेत जिवाणूंवाचून कसेबसे निभावते, परंतु उघड्या रानातील ताण सोसताना त्यांची उणीव भासते, असा या प्रयोगांचा निष्कर्ष आहे.

यापुढच्या प्रयोगात दोन जातींच्या बैठकींची अदलाबदल करण्यात आली. त्यांपैकी एक ऑन्थोफेगस सॅजिटेरियस ही भारतासह दक्षिण व आग्नेय आशियात आढळणारी जात होती आणि दुसरी गॅझेला या नावाने ओळखली जाणारी. परक्या जातीचे जिवाणू मिळालेल्या अळ्यांची वाढ लांबली आणि त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण वाढले. परिणाम पुढील पिढीतही काही अंशी दिसला. कोणतेही जिवाणू मिळून चालत नाही, आपल्या जातीशी पिढ्यान्‌पिढ्या जुळलेले जिवाणू मिळावे लागतात, हे यावरून ध्यानात येते.

अळी मिळालेला वारसा केवळ आतड्यात ठेवीत नाही. गोळ्यात फिरताना, विष्ठा लिंपताना आणि भेगा बुजविताना ती हे जिवाणू संपूर्ण अंडगोळ्यात पसरविते. त्यामुळे शेण तिच्या तोंडात जाण्यापूर्वीच अंशतः कुजू लागते. अंडगोळा एका अर्थाने तिच्या आतड्याचाच बाहेर वाढलेला भाग ठरतो. पुढे कोशावस्थेत आतडे रिकामे होते आणि त्याचे अस्तर नव्याने घडते. प्रौढाच्या आतड्यातील समूह अळीहून वेगळा दिसण्याचे हे एक कारण आहे.

ऑस्ट्रेलियातील अनुभव

ऑस्ट्रेलियात युरोपीय वसाहतकारांनी गुरे नेली, तेव्हा तेथील मूळ शेणकिडे कांगारूसारख्या प्राण्यांच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते. गाईचे ओले शेण त्यांना फारसे मानवले नाही. पोवट्या कुरणात महिनोन्‌महिने पडून राहत, त्यांखालचे गवत मरे आणि त्यांवर माश्या वाढत. यावर उपाय म्हणून जॉर्ज बोर्नेमिसा यांच्या पुढाकाराने राष्ट्रकुल वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन संघटनेने परदेशांतून शेणकिडे आणण्याचा कार्यक्रम हाती घेतला. एकूण ४३ जाती सोडण्यात आल्या आणि त्यांपैकी २३ जाती तेथे रुजल्या.

परदेशी किड्यांबरोबर गुरांचे रोग येऊ नयेत म्हणून मोठी दक्षता घेण्यात आली. किड्यांऐवजी त्यांची अंडी निवडून ती फॉर्मॅलिनने धुतली जात आणि हाताने बनविलेल्या शेणगोळ्यांत ठेवली जात. रोगप्रतिबंधाच्या दृष्टीने हे योग्यच होते. अंड्याखालच्या बैठकीचे महत्त्व तोवर कळलेले नव्हते. धुतलेल्या अंड्यांपासून वाढलेली पहिली पिढी आईच्या जिवाणूंना मुकली आणि तिला नव्या देशातील शेणातून जिवाणू गोळा करावे लागले. तरीही अनेक जाती तेथे टिकल्या, हे या सहजीवनातील लवचिकपणाचे उदाहरण होय.

म्हसा परिसर व शेणाचे उपयोग

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात असलेले म्हसा हे गाव पौष पौर्णिमेपासून भरणाऱ्या म्हसोबाच्या यात्रेसाठी आणि त्या वेळच्या बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. मुरबाड व शेजारचा शहापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. भात हे येथील मुख्य पीक असून शेतीची वीण गुरांशी बांधलेली आहे.

या भागात शेणाला अनेक वाटा फुटतात. घराचे अंगण शेणाने सारवतात, गोवऱ्या थापून सरपण करतात, उरलेले शेण उकिरड्यात जाते. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची पद्धत ठाणे व रायगड जिल्ह्यांत रूढ आहे. त्यात जमिनीवर शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर देऊन पावसाळ्यापूर्वी ते जाळतात. त्यामुळे तणांचे बी मरते आणि राख मिळते, परंतु शेणातील नत्राचा बराच भाग धुरावाटे निघून जातो. शेणकिड्याच्या वाट्याला येते ते माळावर, बांधावर आणि रानात चरताना गुरांनी टाकलेले शेण.

या शेणाचे पुढे काय होते हे ऋतूवर अवलंबून असते. बैलबाजार भरतो त्या पौषात हवा कोरडी असते. पोवटीवर लवकर साय धरते, ती वाळते आणि किड्यांना निरुपयोगी होते. वळवाचा पाऊस पडून जमीन मऊ झाली की शेणकिड्यांची लगबग सुरू होते आणि पावसाळ्यात ती शिगेला पोहोचते. ताज्या पोवटीभोवती मातीचे लहान लहान उकीर दिसू लागतात. प्रत्येक उकिराखाली बीळ असते आणि बिळात अंडगोळे असतात. किडा शेण खाली नेतो त्यामुळे नत्र हवेत उडून जाण्याऐवजी मुळांच्या पातळीवर पोहोचते, माती भुसभुशीत होते, पाणी मुरते आणि शेणावर वाढणाऱ्या माश्यांना जागा उरत नाही. गुरांच्या पोटातील जंतांची अंडीही शेणाबरोबर गाडली जातात.

औषधांचे परिणाम

गुरांना होणाऱ्या जंतांवर व गोचिडांवर आयव्हरमेक्टिन हे औषध १९८१ पासून पशुवैद्यकात वापरात आहे. ज्या शोधातून ते निर्माण झाले त्यासाठी सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हे औषध उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु त्याचा बराच अंश शेणावाटे बाहेर पडतो आणि तेथेही कीटकांवर परिणाम करतो. औषध दिलेल्या वासरांचे शेण नेहमीप्रमाणे विघटित होत नाही, असे निरीक्षण १९८७ साली प्रसिद्ध झाले. औषधांश असलेल्या शेणात अळ्या मरतात किंवा त्यांची वाढ खुंटते. येथे औषधाचा मारा किड्याच्या मज्जासंस्थेवर होतो.

प्रतिजैविकांचा मार्ग निराळा आहे. ती जिवाणूंवर काम करण्यासाठीच बनविलेली असतात. टेट्रासायक्लिन दिलेल्या गुरांच्या शेणावरील एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. अशा शेणातून मिथेनचे उत्सर्जन वाढले आणि ते खाणाऱ्या अॅफोडियस भुंगेऱ्यांच्या आतड्यातील जिवाणूंची रचना बदलली. भुंगेऱ्यांच्या आकारावर मात्र परिणाम दिसला नाही. जिवाणू बदलले म्हणजे किडा लगेच मरतो असे यावरून म्हणता येत नाही. तथापि गाईला दिलेला डोस गाईपुरता राहत नाही, ही गोष्ट या प्रयोगाने सिद्ध केली.

पशुवैद्यकीय औषधाचा परिणाम गुराच्या पलीकडे कसा पोहोचतो, याचे उदाहरण भारताने पूर्वी अनुभवले आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची कलेवरे खाऊन गिधाडे मोठ्या संख्येने मेली. कारण समजल्यावर २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडांचे नाहीसे होणे आकाशाकडे पाहून कळत होते. शेणकिडे कमी झाल्याची खूण जमिनीवर शोधावी लागते. पावसाळ्यातही पोवटी अनेक दिवस अभंग राहणे ही त्यांपैकी एक होय.

हानी टाळण्यासाठी काही साध्या गोष्टी सुचविल्या जातात. जंतनाशक सरसकट सर्व गुरांना न देता पशुवैद्याच्या सल्ल्याने गरज असलेल्या जनावरालाच द्यावे. शक्य असेल तेथे औषधाची वेळ किड्यांच्या ऐन हंगामाबाहेर ठेवावी. औषध दिलेल्या जनावराला काही दिवस गोठ्यात बांधून त्याचे शेण वेगळे साठवावे. प्रतिजैविके पशुवैद्याने सांगितल्याशिवाय देऊ नयेत आणि दिलेला क्रम अर्धवट सोडू नये.

अभ्यासाच्या पद्धती

आतड्यातील बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेतील बशीत वाढत नाहीत. प्राणवायूविरहित परिस्थिती आणि शेजारच्या जिवाणूंची सोबत यांवर ते अवलंबून असतात. म्हणून त्यांची ओळख मुख्यतः डीएनएवरून केली जाते. सर्व जिवाणूंत असलेल्या १६ एस नावाच्या जनुकाचा क्रम वाचून कोणते जिवाणू किती प्रमाणात आहेत याचा अंदाज घेतात. संपूर्ण डीएनए वाचल्यास त्यांच्यापाशी कोणत्या क्षमता आहेत हेही कळते. मात्र एखादे जनुक उपस्थित असणे आणि त्याचे कार्य प्रत्यक्ष घडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी बैठक काढून घेणे, जिवाणूंची अदलाबदल करणे असे प्रयोग करावे लागतात.

आणखी एक अडचण शेणकिड्यांच्या बाबतीत विशेष आहे. त्यांचे अन्नच जिवाणूंनी भरलेले असते. आतड्यात सापडलेला जिवाणू तेथे कायम वस्तीला आहे की शेणाबरोबर जाता जाता सापडला, हे ठरविण्यासाठी किड्याला काही काळ उपाशी ठेवून आतडे रिकामे करतात आणि शेणातील जिवाणूंशी तुलना करतात. जिवाणूंचे नमुने जतन करण्यासाठी भारतात पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या संस्था आहेत. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्रही पुण्यातच आहे.

महत्त्व

कुरणात पडलेले शेण मातीत मिसळते तेव्हा त्यामागे तीन स्तरांवरील जिवाणूंचे काम असते. पहिला स्तर गाईच्या कोठ्यातील, दुसरा शेणकिड्याच्या आतड्यातील आणि तिसरा मातीतील. मधला स्तर सर्वांत लहान आणि सर्वांत कमी परिचित आहे. तो आईच्या विष्ठेच्या एका कणातून पुढच्या पिढीकडे जातो. एखाद्या ठिकाणचे शेणकिडे नाहीसे झाले तर त्यांच्याबरोबर त्या जातींशी जुळलेले जिवाणूही जातात, आणि किडे बाहेरून आणून सोडले तरी तो वारसा जसाच्या तसा परत मिळेल याची खात्री देता येत नाही. म्हणून शेणकिड्यांचे संरक्षण करताना ताजे व औषधांशरहित शेण, चराऊ माळ आणि न तुडविलेली मऊ जमीन या तिन्ही गोष्टी एकत्र राखणे महत्त्वाचे ठरते.